हिरीच्या पाण्याची कॉफी

आमच्या आबांसारखी कॉफी सगळ्या भोर संस्थानात कुणी करत नव्हतं, असं मी म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. तेव्हा भोरात कॉफी पिणारेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि वर्गात एकच पोरगा असला तर पहिला नंबर त्याचाच येतो, हे जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. पण कॉफी खरोखरच चांगली असायची. आणि ज्या एका माणसानं ती प्यावी म्हणून आबा झुरले, त्या माणसानं ती वर्षानुवर्षं तोंडाला लावली नाही. ते माणूस म्हणजे माझी आई.

भोरजवळचं धरण बांधलं तेव्हा आमचं गाव पाण्याखाली गेलं. घर गेलं, मळा गेला, मळ्यातली विहीर गेली. आम्ही वरच्या माळावर छप्पर घालून राहायला आलो. माळावर कुसळांशिवाय काही पिकत नव्हतं, म्हणून आबांनी धरणावरच्या साहेबाच्या बंगल्यात पाणी भरायचं काम धरलं. ज्या पाण्यानं आम्हाला उठवलं तेच पाणी कावडीनं वाहून साहेबाच्या हौदात ओतायचं. मला त्याची चीड यायची. आबांना येत होती की नाही कुणास ठाऊक.

साहेबाला उजाडायच्या आत कॉफी लागायची आणि बंगल्याचा खानसामा काही तेवढ्या लवकर उठायचा नाही. म्हणून ते काम पाणक्याच्या गळ्यात पडलं. साहेबानंच त्यांना शिकवलं. त्याच्याकडे पांढऱ्या धातूचं एक उभट भांडं होतं. झाकणातून एक दांडी आत गेलेली, दांडीच्या टोकाला बारीक जाळीची चकती. कॉफी मुरली की दांडी वरून दाबायची, म्हणजे चोथा तळाशी बसतो आणि वर नितळ कॉफी राहते. आबा त्या दांडीला दट्ट्या म्हणत. पुढे साहेबाची बदली झाली, त्याच्या जागी चहा पिणारा साहेब आला, आणि जाताना जुन्यानं ते भांडं आबांना देऊन टाकलं.

भोरच्या पेठेत एक मुसलमान दुकानदार होते. ते स्वतःसाठी पुण्याच्या कँपातून कॉफीच्या बिया मागवत आणि त्यातल्या ओंजळभर आबांना देत. बाजाराच्या दिवशी आबांचा थाट बघण्यासारखा असे. बिया तव्यावर मंद जाळानं भाजायच्या, खैराच्या लाकडाचा रंग आला की उतरवायच्या. आई जात्याला हात लावू देत नसे, म्हणून खलबत्त्यात कुटायच्या, जोंधळ्याच्या कण्यांएवढ्या जाड. पीठ केलं तर ते जाळीतून वर येतं. भांडं आधी कढत पाण्यानं विसळायचं. पाण्याला उकळी आली की जाळ मागे ओढायचा, बुडबुडे थांबू द्यायचे आणि मगच ओतायचं. एकदा ढवळून झाकण ठेवलं की आबा चिमूटभर तंबाखू मळायला घेत. मळून झाली की कॉफीची वेळ झाली. ती तंबाखू चंचीत परत जायची, कारण तंबाखूच्या तोंडानं कॉफी प्यायची नाही असा त्यांचा नेम होता. मग तळहात दट्ट्यावर ठेवून नुसत्या हाताच्या वजनानं तो खाली न्यायचा. मी एकदा जोर केला तर आबा म्हणाले, ‘कुनाचा गळा दाबतुयास व्हय?’

बंगल्यावर आलेगेले गोरे म्हणे त्या कॉफीची वाहवा करायचे. घरी मात्र पिकतं तिथं विकत नाही, तशी गत. आबा पहिला पेला आईपुढे धरायचे आणि आई चुलीतलं लाकूड उगीचच पुढेमागे करत बसायची.

आईचं वैर कॉफीशी नव्हतं, धरणाच्या पाण्याशी होतं. माझ्या पाठीवर तिला एक मुलगा झाला होता. तो अंगावर पीत असतानाच गेला. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. मळ्यात, विहिरीच्या बांधाला त्याला पुरलं होतं. त्यावर पाणी चढलं तेव्हापासून आईनं धरणाच्या पाण्यात बोटसुद्धा बुडवलं नाही. डोंगराच्या कपारीत एक झरा होता, तिथून ती घागरी आणायची. जाऊनयेऊन कंबर मोडायची. शेजारणींनी एकदा टोकलं, एवढं समोर पाणी असून कशाला मरतेस म्हणून. ‘लेकराच्या अंगावरनं आलेलं पानी मी पिऊ व्हय?’ ती म्हणाली. पुन्हा कुणी विचारलं नाही. आबा बंगल्यावरून आले की झऱ्याच्या पाण्यानं हात धुतल्याशिवाय ती त्यांना भाकरी वाढायची नाही. तेही निमूट धुवायचे.

‘अगं, कापी झऱ्याच्या पान्याची हाय,’ आबा सांगायचे.

‘भांडं तर धरनाचंच हाय न्हवं? इतकी वर्सं त्येच पानी मुरलंय त्येच्यात.’

एकदा ते फारच मागे लागले तेव्हा ती म्हणाली, ‘आपल्या हिरीचं पानी आना. त्येनं भांडं धुवा, त्येच्यातच करा तुमची कापी. मग पिते.’

हीर, म्हणजे आमची ती बुडालेली विहीर. वैशाखात पाणी ओसरलं तरी ती कधी उघडी पडत नसे. नाही म्हणण्याची ही आईची रीत होती, आणि आबांनाही ती कळली. त्यांनी पेला उचलला आणि स्वतः पिऊन टाकला.

मी पुढे शिवऱ्याच्या शाळेत मास्तर झालो. एका वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो तर आई अंथरुणावर होती. पायांवर सूज, पोटात काही ठरत नव्हतं. भोरहून डॉक्टर आणला. त्यानं बाहेर येऊन सांगितलं, त्यांना काय आवडतं ते द्या. काय ते आम्ही समजलो.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती आणि धरणातलं पाणी खाली कालव्याला सोडून सोडून तळाला गेलं होतं. एका गुराख्यानं येऊन सांगितलं की आमच्या विहिरीचा काठ दिसायला लागलाय. आबांनी ते ऐकलं आणि जेवता जेवता उठले. आईजवळ जाऊन म्हणाले, ‘हीर उगडी पडलीया. आता पिशील न्हवं?’

आई कितीतरी दिवसांनी हसली. ‘पिते की. बोलले हुते न्हवं म्या.’

दुसऱ्या दिवशी घागर आणि फावडं घेऊन आम्ही दोघं उतरलो. आमच्या गल्लीतून चालत होतो, पण तिथं गल्ली नव्हती. भेगाळलेला गाळ आणि जोत्यांचे चार दगड. विहिरीचा काठ तेवढा जागेवर होता. आत बघितलं तर काठोकाठ चिखल. आबा आत उतरून खणायला लागले. मीही उतरलो. कमरेएवढं खणलं तरी हाताला काळा रेंदाच लागत होता. आबा काठावर येऊन बसले. बांधाच्या बाजूला त्यांनी बघितलं, पण तिथं ओळखू येण्यासारखं काही उरलं नव्हतं. इतका हरलेला माणूस मी नंतर पाहिला नाही.

झऱ्याचं पाणी आणून चाललं नसतं. ते ती रोज पीत होती. जिभेला लगेच कळलं असतं. आबांनी घागर उचलली, खाली धरणाच्या उरलेल्या डोहाशी गेले आणि ती भरली. परत येताना एवढंच म्हणाले, ‘काय बोलू नगंस.’ मी बोललो नाही, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

घरी आल्यावर त्यांनी तिच्यासमोर भांडं धुतलं. अर्धं म्हशीचं दूध, थोडा गूळ घालून पेला तिच्या हातात दिला. आई घोट घोट करत प्यायली. ‘लई कडू करता तुमी,’ म्हणाली, ‘पर ब्येस लागतीया.’ मग विचारलं, ‘पानी किती हाय हिरीला?’

‘दोन परस खोल आसंल.’

‘आन् बांध?’

‘हाय की. बांधाला काय हुतंय?’ आबा तिच्याकडे न बघता म्हणाले.

मला वाटलं होतं एका पेल्यावर भागेल. पण दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा मागितली, आणि मग ती रोजच मागायला लागली. दुसरं काही ठरत नव्हतं, कॉफी ठरायची. आबा रोज त्या गाळातून डोहापर्यंत जायचे आणि घागर घेऊन यायचे. आई भिंतीला टेकून बसायला लागली. लग्न होऊन आली तेव्हा त्या विहिरीवर पहिली घागर कशी भरली, सासूनं दोर कसा धरायला शिकवला, असलं काहीबाही सांगायची. धाकट्याचं नावही तिनं त्याच दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर घेतलं. तिला इतकं सुखात बघून मला रडू यायचं, आणि आबांकडे तर बघवत नव्हतं. त्यांनी स्वतः कॉफी पिणं सोडून दिलं होतं.

मग वेल्ह्याकडच्या डोंगरांवर पाऊस धरला आणि धरण भरायला लागलं. येणारेजाणारे अंगणात बोलायचे, पाणी कुठवर चढलं ते. आई पडल्या पडल्या ऐकायची. आबा घागर घेऊन निघाले तेव्हा ती म्हणाली, ‘हीर बुडाली आसंल आता. नगा जाऊ.’

‘आजून काठ दिसतुया.’

‘अवं, कदी खोटं बोलला न्हाईसा. आता कशापायी बोलता?’

आबा दारातच उभे राहिले. तिनं विचारलं, ‘काल आनलेलं उरलंय का?’

‘तांब्याभर आसंल.’

‘त्येवढं राखून ठिवा. माज्या तोंडात घालाया.’

आबांनी तांब्या झाकून फळीवर ठेवला. पुढचे दिवस ते घरात असले की त्या फळीकडे पाठ करून बसायचे. आईनं त्यानंतर काहीच घेतलं नाही. झऱ्याचं पाणी तेवढं ओठाला लावायची.

तिला धाप लागली त्या सकाळी शेजारणीनं तुळशीचं पान आणून दिलं. आबांनी तांब्या खाली घेतला. मी झऱ्याच्या पाण्याचा पेला भरून त्यांच्यापुढे धरला होता, तो त्यांनी घेतला नाही. ते तिच्या उशाशी बसले आणि तिच्या कानाशी वाकले. मी जवळच होतो म्हणून मला ऐकू आलं.

‘हीर गाळानं भरलीया गं,’ ते म्हणाले. ‘येकदाबी हिरीचं न्हवतं. समदं धरनाचंच हुतं. ह्येबी त्येच हाय.’

आई त्यांच्याकडे बघत राहिली. आबांच्या हातातला तांब्या काही पुढे होईना. मग आईनं आपणहून तोंड उघडलं.