अंगठ्याखालची नाडी

कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, वैजनाथला सगळे डॉक्टर म्हणायचे, आणि त्यानंही कधी कुणाला अडवलं नाही. खरं तर तो कंपाउंडर. बावीस वर्षं एका डॉक्टरच्या हाताखाली त्यानं गोळ्यांच्या पुड्या बांधल्या, सुया उकळल्या. डॉक्टर म्हातारपणी लेकाकडं पुण्याला गेले, दवाखान्याला कुलूप लागलं आणि वैजनाथ एका अडतीवर काट्याशी वजनं लिहायला बसला. नोकरी गेली, पण किताब तेवढा राहिला.

मोंढ्यात कुणाला घेरी आली की हाक व्हायची, "डॉक्टरला बोलवा!" मग वैजनाथ पेन कानाला अडकवून सावकाश उठायचा. गर्दी बाजूला व्हायची. पडलेल्याचं मनगट धरून तो त्यावर अंगठा दाबायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "घाबरू नगा, पित्त हाय." बहुतेकदा पित्तच असायचं. माणूस लिंबूपाणी पिऊन उठून बसायचा आणि डॉक्टरचं नाव आणखी वर जायचं. एवढ्याशा भांडवलावर त्याची आठ वर्षं ऐटीत गेली.

त्यात नागप्पानं माती कालवली. हा नागप्पा उमरग्याकडचा हमाल, सातवी शिकलेला, क्विंटलाचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारा. पावसाळ्यात मोंढ्यात दोन दिवसांचं शिबिर झालं. बेशुद्ध माणसाचा श्वास कसा बघायचा, छाती कशी दाबायची, ते रबराच्या माणसावर शिकवलं. वैजनाथलाही बोलावणं होतं. "बावीस वर्सं दवाखान्यात काढली म्या. रबरी बाहुला मला काय शिकवनार?" असं म्हणून तो समोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसला. बसला पाठ करून, पण मान सारखी वळत होती. छाती बरोबर दाबली म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी नागप्पासाठी टाळी वाजवली, तेव्हा ह्याला चहा कडू लागला. त्या दिवसापासून तो नागप्पाला पाण्यात बघू लागला.

दिवाळीच्या तोंडावर मोंढा सोयाबीननं भरला होता. बब्रुवान नावाचा साठीचा शेतकरी, बायको हरणाबाईला घेऊन माल घालायला आला होता. काट्याजवळ उभा असताना तो एकाएकी खाली कोसळला. डॉक्टर दोन पावलांवरच होता. त्यानं मनगट धरलं, अंगठा दाबला, डोळे मिटले.

"नाडी हाय! ठोकं चांगलं लागतेत. कांदा फोडून नाकाला लावा."

कुणी कांदा आणला. कुणी पायातली चप्पल काढून बब्रुवानच्या नाकाशी धरली. बब्रुवान मधूनच एकदा घोरल्यासारखा आवाज करायचा, मग बराच वेळ काही नाही.

"बघा, श्वासबी चालू हाय," डॉक्टर म्हणाला.

गाडी रिकामी करत असलेला नागप्पा पोतं टाकून धावत आला. त्यानं डॉक्टरला खांद्यानं बाजूला सारलं, बब्रुवानचे खांदे हलवून मोठ्यानं हाका मारल्या. ओ नाही. मग कपाळावर हात ठेवून डोकं मागं केलं, हनुवटी उचलली, तोंडाशी कान नेला आणि छातीकडं बघत दहापर्यंत मोजलं.

"ह्यो श्वास न्हाय. असलं घोरनं म्हंजी श्वास न्हवं, बाईंनी सांगितलंय. एकशेआठला फोन लावा!"

आणि त्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून दाबायला सुरुवात केली. जोरात, भराभर, न थांबता. तो दमला की दुसरा हमाल बसायचा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी हात थांबू दिला नाही. बब्रुवान वाचला.

पुढं मोंढ्यात सत्कार झाला, नागप्पाला सगळ्यांसमोर शाल मिळाली. वैजनाथ सगळ्यात मागं बसला होता. टाळ्या वाजत होत्या आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता.

"आयत्या बिळावर नागोबा!" तो चहावाल्याला म्हणाला. "पयला हात कुनी धरला? नाडी हाय म्हनून कुनी सांगितलं?"

नाडी होती तर छाती दाबायची वेळ का आली, हे चहावाल्यानं विचारलं नाही. मोंढ्यात गिऱ्हाइकाला कोण उलटून विचारतो? मग हेच वाक्य वैजनाथ रोज कुणाकुणाला ऐकवत राहिला.

एका दुपारी सौदे संपले होते. समोर नागप्पाभोवती हमाल हसत बसलेले. ते बघताना वैजनाथनं रागानं बाकाची कड घट्ट धरली. अंगठ्याखाली ठोके लागले. त्यानं दचकून हात काढला, पुन्हा दाबला. लाकडाला नाडी! मग काट्याचा लोखंडी दांडा दाबून बघितला. त्यालाही तीच नाडी, तेच ठोके. ठोके त्याच्याच अंगठ्यातले होते.

कांदा फोडेपर्यंत, चप्पल आणेपर्यंत तो माणूस मरत होता, आणि आपण आपलीच नाडी मोजत होतो. आणि आजवर ज्यांना पित्त म्हणून घरी धाडलं, त्यांचं काय? पण हे बोललं तर डॉक्टर संपला, आणि नागप्पा कायमचा वर बसला. वैजनाथनं तोंड मिटून घेतलं.

पुढच्या आठवड्यात हरणाबाई टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन थेट त्याच्या काट्याशी आली.

"घ्या, डॉक्टर. नागप्पाकडं गेल्ते. त्यो म्हनला, आधी डॉक्टरला टोपी घाला, पयला हात त्यांचा व्हता. त्यांनीच मला जागा करून दिली."

जागा करून दिली? त्याच्या धक्क्यानं खांदा अजून दुखत होता. ह्या माणसानं चांगुलपणातही आपल्याला मागं टाकावं? वैजनाथ आतून पेटला, आणि त्या पेटण्यातच त्याच्या तोंडून निघून गेलं, "अक्का, ती नाडी तुमच्या मालकाची नव्हती. माजीच व्हती. नागप्पा आला नसता तर म्या कांदाच फोडत बसलो असतो."

हरणाबाईनं टोपी झटकून सरळ केली.

"म्हाईत हाय मला. म्या उशाशीच व्हते. तुमी नाडी हाय म्हनत व्हता आन् मालक गार पडत चालले व्हते, दोन डोळ्यांनी बघितलं. नागप्पालाबी ठावं हाय, समद्या हमालांस्नी ठावं हाय. त्यो म्हनला, एवढ्या वर्सांचं नाव हाय डॉक्टरचं, त्ये मोडू नगा."

तिनं टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि नारळ हातात दिला. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वैजनाथला वाटलं. ज्या नावासाठी तो एवढा जळला, ते नाव कधीच त्याचं उरलं नव्हतं. नागप्पानं ते इतके दिवस पदरात सांभाळलं होतं.

तो उठला आणि हमालांच्या घोळक्यात गेला.

"श्वास कसा बघायचा, दाव मला."

नागप्पा तिथंच एक रिकामं पोतं अंथरून त्यावर उताणा झाला आणि त्यानं डोळे मिटले. वैजनाथ गुडघे टेकून बसला, त्याची हनुवटी वर उचलली, आणि सगळ्या मोंढ्यादेखत खाली वाकून ज्याला पाण्यात बघितलं त्याच्याच तोंडाला कान लावला.