आईच्या नावाचं कडवं

परवा औशात, शाळेच्या कार्यक्रमाआधी, शाहीर जाळावर डफ शेकत होते. तापल्या कातड्याचा वास आला आणि मी मनानं लहानपणीच्या, देवणीजवळच्या आमच्या गावात, पारापाशी जाऊन पोचले.

तिथंही एका तिन्हीसांजेला असाच डफ शेकून गावात आलेल्या शाहिरांनी रझाकारांच्या काळातला पोवाडा धरला होता. शेणाच्या पाटीत काडतुसं लपवून लढणाऱ्यांना पोचवणाऱ्या वाघासारख्या गड्याचं कडवं आलं, तशी बायकांमधून माझी चुलती उठली.

"थांबा जी शाहीर! गडी नव्हता त्यो. ही हाय की बसलेली, माझी जाऊ!"

ती जाऊ म्हणजे माझी आई. तिनं पदर तोंडावर ओढला.

शाहिरांनी डफ थांबवला. "नाव काय बाईंचं?"

बाईचं नाव चारचौघांत कोण घेणार? तेवढ्यात वडील उभे राहिले. आईला जन्मभर नुसतं 'अगं' म्हणणारे वडील खणखणीत आवाजात म्हणाले, "भागीरथी!"

शाहिरांनी कडवं पुन्हा घेतलं, नावासकट. तेव्हा मला शाहीरच मोठे वाटले होते. आता वाटतं, त्या संध्याकाळचा खरा पोवाडा वडिलांनीच म्हटला, एका शब्दाचा.