वासबाई आणि तिरफळाचा पाला

वासबाई समोरून आल्या की आम्ही हात खिशात घालायचो. नाहीतर त्या तळहातावर पान चुरडून विचारायच्या, "काय वास येतोय? झाडाचं नाव नको, वास सांग." डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत. पान निरगुडीचं असो की गवती चहाचं, 'छान' म्हटलं की वैतागायच्या. "छान हा काही वास नव्हे!"

बाईंच्या निवृत्तीच्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली एम.एस्सी. करत होते. तेव्हा त्यांना एका झाडानं वेड लावलं होतं. कोलशेतला खाडीजवळ एका कोळीणकाकूंच्या अंगणात काटेरी तिरफळ होतं. काकू त्याची फळं बांगड्याच्या कालवणात घालत, बाईंना मात्र पाला हवा असे. "फलां सोरून पाला कनाला नेतंस गो बाय?" काकू हसायच्या.

पिशवीभर पाला उकळला की वाफेबरोबर जेमतेम काही थेंब तेल यायचं. त्यात काय काय आहे ते यंत्र सांगे. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन निघालं तेव्हा बाई म्हणाल्या, "हे माझ्या नाकानं आधीच सांगितलं होतं."

पण त्यांना पुढचं हवं होतं. हे तेल अँटिऑक्सिडंट आहे का? म्हणजे हवेनं खवट होणाऱ्या गोष्टी ते वाचवेल का? चाचणी सोपी होती. जांभळ्या द्रावणात तेल घालून नळी अंधाऱ्या कपाटात ठेवायची. तेलात दम असेल तर जांभळा जाऊन पिवळा येतो. शेजारी एक कोरी नळी, बिनतेलाची. ती जांभळीच राहायला हवी.

नळी पिवळी झाली! बाईंनी टाळ्याच पिटल्या. ठाण्याच्या परिषदेत हेच सांगायचं होतं, तेच त्यांचं शेवटचं भाषण. आणि मग त्यांचं लक्ष शेजारी गेलं. कोरी नळीही फिकी पडली होती. कपाटाचं दार त्यांच्याच हातून उघडं राहिलं होतं आणि दुपारचं ऊन आत आलं होतं. उजेडानंही तो जांभळा उडतो.

"उन्नीस-बीस चालतं, मॅडम," विभागप्रमुख म्हणाले.

"रंग उन्हानं उडाला की तेलानं, हे मलाच ठाऊक नाही. लोकांना काय सांगू?"

तेल संपलं होतं. आम्ही कोलशेतला धावलो, तर रस्ता रुंद करताना झाड गेलेलं. काकूंनी ओंजळभर वाळकी फळं दिली. परिषदेत बाईंनी तेलातली द्रव्यं सांगितली, रंगाच्या चाचणीपाशी "माहीत नाही" म्हणाल्या आणि खाली बसल्या. मला रडूच आलं.

त्या फळांतलं एकच बी रुजलं. नाशिकला लेकीकडे जाताना बाईंनी ती कुंडी माझ्या हवाली केली. मी रोप सोसायटीच्या कुंपणाशी लावलं. काट्यांनी सेक्रेटरींचा शर्ट फाटला, ते कोयता घेऊन आले, मी मध्ये उभी राहिले. झाड वाढलं.

आता त्याच प्रयोगशाळेत मी शिकवते. यंदा पिशवीभर पाला निघाला. तेल काढून दोन्ही नळ्या आत ठेवल्या, कपाटाला कुलूप घातलं, वर काळा कपडाही टाकला. मग बाईंना फोन लावला.

"तेलाच्या नळीतला रंग जरासा फिका झालाय, बाई. पिवळा नाही झाला."

"आणि कोरी?"

"गडद जांभळी."

मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. पण त्या खळखळून हसल्या. "अगं, म्हणजे त्या दिवशी परिषदेत थोडक्यात वाचले की गं मी!"