घासलेले चार प्लग

काकूंच्या हातात घाण वस्तू टिकत नसे. चौतीस वर्षं लोकांचे कपडे शिवण्यात गेली, पण कुणी मळकी पँट उंची कमी करायला आणली की त्या आधी ती धुऊन टाकत आणि मगच कात्री हातात घेत. वर गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावत, ते वेगळंच. तेव्हा त्या शनिवारी सकाळी नवऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी गाडीचे चार प्लग काढले, आणि ते काजळीने माखलेले निघाले, म्हटल्यावर पुढे काय होणार हे उघडच होतं. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, आणि दहा मिनिटांत चारही प्लग नव्या कपबशीसारखे पांढरेशुभ्र.

नवऱ्याला सगळे सर म्हणत. शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. तीस वर्षांत अर्ध्या गावाला त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं. बायकोला तेवढं शिकवता आलं नाही, कारण तिसऱ्याच दिवशी दोघांचं असं काही वाजलं की काकू भर रस्त्यात उतरून चालत घरी आल्या. मग त्या दुसऱ्या एका बाईंकडे शिकल्या, लायसन काढलं, वेळच्या वेळी नवं करून घेत राहिल्या आणि कपाटात ठेवत राहिल्या. घरात सर असताना गाडी चालवतंय कोण!

गाडी लहानशी, कमी पेट्रोल पिणारी, चौदा वर्षांची. आठवडाभर ती मिसिंग करत होती. चढावर दम खायची, उभी राहिली की थरथरायची. सोमवारी नातीला शाळेत सोडायचं होतं, म्हणून सरांनी प्लग आणि त्यांच्या वायरी बदलायचं काढलं. एरवी हे काम त्यांच्या हातचा मळ. या खेपेला मात्र म्हणाले, "कंबर धरलीय गं. तू काढ, मी सांगतो."

काकूंना ते खटकलं. वर्षभर बरंच काही खटकत होतं. गाडी दोनदा फाटकाला घासली होती. मुलगा सारखा म्हणायचा, "बाबा, डोळे दाखवून या, नाहीतर पोरीला शाळेत मी सोडत जाईन." सर एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले आणि "काही नाही, वय झालंय" एवढंच सांगून मोकळे झाले. काकूंनी विश्वास ठेवला. खरं म्हणजे ठेवायचाच होता त्यांना. या माणसाला गाडी सोडा म्हणायचं त्यांच्या अगदी जिवावर येत होतं.

"आण बघू इकडे," दारातल्या खुर्चीतून सर म्हणाले. "प्लगचं टोक बघितलं की इंजिनाच्या पोटातलं कळतं. बदामी रंग असला म्हणजे तब्येत ठणठणीत. काळा असला म्हणजे तेल जळतंय."

रंग! तो तर सिंकमधून केव्हाच वाहून गेला होता. आता आरडाओरडा होणार, अशा तयारीने काकूंनी चारही प्लग क्रमाने सरांच्या हातात ठेवले.

सरांनी पहिला उजेडाकडे धरला. फिरवला. दुसरा, तिसरा, तसंच. चौथ्यावर जरा जास्त वेळ घेतला.

"तीन बदामी आहेत बघ," ते म्हणाले. "छान. चौथा काळाकुट्ट. तोच छळत होता."

काकूंनी त्यांच्या हातातल्या त्या चौथ्या प्लगकडे पाहिलं. तो उन्हात चकाकत होता. "अहो, मी घासले ते," हे शब्द अगदी ओठांवर आले आणि तिथेच राहिले. "हो का?" म्हणून त्यांनी प्लग परत घेतले आणि वायरी काढायला वळल्या. कुठली वायर कुठली ते कळावं म्हणून पहिलीला दोऱ्याची एक गाठ, दुसरीला दोन, असं चौथीपर्यंत केलं. जिथून निघाल्या तिथे शिवणाच्या खडूने आकडे टाकले. हात चालू होते म्हणून बरं, नाहीतर त्या तिथेच बसून रडल्या असत्या.

स्पेअर पार्टचं दुकान चालत दहा मिनिटांवर. दुकानदार सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने पिशवीतले प्लग काउंटरवर ओतले आणि हसायलाच लागला.

"काकू, हे काय! हे घासलेत की काय तुम्ही?"

"घासले."

"आणि सर ओरडले नाहीत?"

"नाही." काकूंनी पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "त्यांना दिसलंच नाही रे."

हे त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या होत्या. दुकानदाराचं हसू मावळलं. तो गुपचूप आत गेला आणि खोकी घेऊन आला.

प्लगवरचा नंबर जुन्या नंबरशी जुळवून झाला. मग त्याने दोन प्रकार पुढे ठेवले. साधे, वर्षा-दीड वर्षाने बदलावे लागणारे. आणि महागाचे, चार-पाच वर्षं बघायला नको असे. वायरींचेही दोन संच होते, एक कुठल्याही गाडीला चालणारा आणि एक याच गाडीचा. काकूंनी पर्समधून टेप काढला आणि सोबत आणलेल्या जुन्या वायरींशी मापून पाहिलं. कुठल्याही गाडीला चालणारा संच वीतभर लांब भरला.

"लोंबून गरम इंजिनाला टेकेल हे," त्या म्हणाल्या. "कपडा असो की वायर, मापाचीच बरी. याच गाडीचा दे."

"आणि प्लग? सर नेहमी साधेच नेतात. त्यांना विचारून घेता?"

काकूंनी दोन्ही खोकी बघितली. पाच वर्षं. पाच वर्षं गाडी चालवणार कोण, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कुणाला विचारायची आता गरज नव्हती.

"टिकाऊ दे," त्या म्हणाल्या.

दुपारी दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले. "आधी नुसत्या हाताने फिरव. अडलं तर जोर लावू नकोस, उलटं घे," सर सांगत होते. वायरी त्यांनी स्वतः दिल्या, जुन्यांच्या गाठी बोटांनी मोजून, नव्या तेवढ्याच लांबीच्या निवडून. एकही चुकली नाही. काकूंनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच हाकेला ओ देऊन शांतपणे चालू राहिली.

"चारही बोलतायत!" सर खूश होऊन म्हणाले. "बंद कर. आण ती किल्ली, एक चक्कर मारून येतो."

काकू किल्ली मुठीत धरून गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"अहो, ते प्लग मी साबणाने घासले होते. चारही पांढरे होते."

सरांनी किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. मग हळूच म्हणाले, "सकाळीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतक्या हौसेने सांगत होतात. मला तोंडच उघडवेना. आणि तुम्ही का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? कडेचं सगळं दिसतं गं. मधलंच तेवढं जातं." सरांनी गाडीच्या टपावर हात टेकला. "ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. आत्ता समोर बघतोय, तर तू नाहीसच."

काकू एक पाऊल बाजूला सरकल्या. मग आणखी अर्धं.

"आता?"

"हं," सर म्हणाले. "आता आहेस."

"मग बसा शेजारी," काकू म्हणाल्या. "चक्कर मी मारते."

सर गाडीला हात लावत लावत पलीकडच्या दाराकडे गेले.