मावशीच्या वर बाण नव्हता

माझी मुलगी घरूनच कॉम्प्युटरचं काम करते. पिंप्राळ्यातल्या आमच्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचं टेबल आहे. मागच्या हिवाळ्यात एक दिवस दुपारची भांडी आवरून मी हात पुसत होते, तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, तुझी सगळी नाती मला दे."

मला वाटलं थट्टा करते.

मी माणसांत बोलत नाही. लग्नाकार्यात मी आत लसूण सोलत बसते, तिथे कोणी काही विचारत नाही. पण नाती माझ्या लक्षात राहतात. कोण कुणाच्या घरी दिली, कुणाची सून कुठून आली, कुणाचे साडू कुणाचे मामा, हे मी कधी पाठ केलं नाही, ते आपोआप राहतं. पत्रिका छापायची वेळ आली की घरातल्या बायका मला हळूच येऊन विचारतात आणि पुढे जाऊन स्वतःच्या नावावर सांगतात. त्याचं मला वाईट वाटत नाही.

मुलीला कामासाठी एक नवीन गोष्ट शिकायची होती. ग्राफ डेटाबेस. तिने मला समजेल असं सांगितलं. "आतापर्यंत आम्ही माहिती रकान्यांत भरायचो, शाळेच्या हजेरीपटासारखी. त्यात माणूस सापडतो. पण हा त्याचा कोण, आणि त्याचा तो कोण, हे शोधायला दहा पट उलटेपालटे करावे लागतात. यात नातंच लिहून ठेवायचं. माणूस म्हणजे एक गोल. नातं म्हणजे एका गोलाकडून दुसऱ्याकडे जाणारा बाण. बाणालाही नाव असतं. मग विचारायचं, या गोलापासून त्या गोलापर्यंत वाट आहे का?"

"हे विकत आणलं का?"

"नाही. ज्यांनी बनवलं त्यांनी ते उघडं ठेवलंय. आत काय लिहिलंय ते कोणीही वाचावं, सुधारावं, घेऊन जावं."

"आणि मी सांगेन ते बाहेर जाईल का?"

"ह्याच मशीनमध्ये राहील. माझ्या आणि तुझ्याशिवाय कोणी बघणार नाही."

म्हणून मी तयार झाले. रोज दुपारी मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायची आणि सांगायची. तिच्याकडे बघितलं की मला सुचायचं नाही. मी नावं सांगायची ती घरात हाक मारायची नावं. आमच्याकडे कागदावरचं नाव एक, घरचं एक, आणि बाईचं तर सासरी गेल्यावर तिसरंच. मला तोंडात येईल ते मी सांगितलं, तिने ते गोलात लिहिलं. पडदा हळूहळू भरत गेला. कधी कधी ती हसत सुटायची. "मम्मी, हा माणूस स्वतःच्याच भावाचा साडू आहे."

"मग, दोघा भावांना दोघी बहिणीच दिल्या आहेत."

"आणि हा आजोबा आपल्या सुनेचा आतेभाऊ?"

"लागतो. त्यात हसण्यासारखं काय."

मी बोलते ते कोणी लिहून घेतं आहे, असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. दुपारची मी वाट बघायला लागले.

माघात पारोळ्याचं स्थळ आलं. मुलगा ठिबक सिंचनाच्या कामावर आहे. धुळ्याला एका मैत्रिणीच्या लग्नात दोघांची ओळख झाली होती, हे मला नंतर कळलं. आधीची चार-पाच स्थळं तिने ताटातलं कारलं सारावं तशी सारली होती. या वेळी मध्यस्थाने आणलेला बायोडाटा तिने दोनदा वाचला आणि म्हणाली, "मला चालेल." एवढंच बोलली, पण कान लाल झाले होते. मुलाकडची मंडळी येऊन बघून गेली. मी पोहे दिले आणि आत आले, कुणाच्या तोंडाकडे नीट पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने गंमत म्हणून बायोडाट्यातली नावं मशीनमध्ये टाकली. मुलगा, त्याचे आईवडील, आजोळ, मामा. मग स्वतःचा गोल आणि त्याचा गोल यांत वाट आहे का, असं विचारलं. वाट नव्हती. "बघ, काहीच नातं नाही. मोकळं." ती खुशीत चहा करायला उठली.

मी पडद्याजवळ गेले. आजोळचं गाव शिंदखेड्याकडचं होतं. मामाचं आडनाव ओळखीचं होतं. त्या गावात त्या आडनावाचं एकच घर, आणि त्या घरात माझी मावशी दिली होती. मावशी जाऊन पुष्कळ वर्षं झाली, येणंजाणं तुटलं. पण तिची मुलगी आणि मी लहानपणी एका झोक्यावर बसलो होतो. तिचं घरचं नाव मीच सांगितलं होतं, ते पडद्यावर एका कोपऱ्यात होतं. दुसऱ्या कोपऱ्यात मुलाच्या आईचं सासरचं नाव होतं. गोल दोन, बाई एकच.

मी चहा घेतला. दोन दिवस मी काही बोलले नाही. ती फोनवर हळू आवाजात हसायची आणि मी पोळ्या लाटायची. आमच्यात मावसबहिणींची मुलं म्हणजे भाऊबहीण. मी गप्प बसले असते तर कदाचित लग्न झालंही असतं. पण मांडवात कोणा म्हातारीने ओळखलं असतं तर माझ्या मुलीला तोंड लपवायला जागा उरली नसती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि सांगितलं.

तिने दोन गोल एक केले. पुन्हा वाट विचारली. या वेळी लगेच आली, सरळ, तिच्यापासून माझ्याकडे, माझ्याकडून मायकडे, मायकडून मावशीकडे, मावशीकडून तिच्या मुलीकडे, आणि तिथून त्या मुलाकडे. मुलीने स्क्रीन खाली केली आणि गच्चीवर कपडे काढायला गेली. कपडे अजून ओले होते.

आमच्या घरात सोयरीक आबांच्या शब्दाशिवाय होत नाही. आबा म्हणजे माझे मोठे दीर. मुलीचे पप्पा त्यांचा शब्द ओलांडत नाहीत, आणि मी त्यांच्यासमोर आजही डोक्यावर पदर घेते, बोलत तर नाहीच. पप्पांनी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून आबा म्हणाले, "बहिणीबहिणींची पोरं. विषय संपला." मग मुलीकडे बघून म्हणाले, "त्या यंत्राला कोणी विचारलं होतं? स्वतःच्या हाताने स्वतःचं लगीन मोडलंस."

"आबा, यंत्राने नाही सांगितलं. मम्मीने सांगितलं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बहुधा मी बोलले याचंच जास्त नवल वाटलं असावं.

त्यानंतर मुलगी जेवायची, काम करायची, पण दुपारी मला बोलवायची नाही. आठवडा गेला. मग एक दिवस तिने स्वतःहून हाक मारली. "मम्मी, एक बघ. आजीच्या वर तिच्या आईवडलांकडे जाणारे बाण आहेत. तुझ्या मावशीच्या वर नाहीत. तिचे आईवडील तू सांगितलेच नाहीस."

"तेच ना. जे मायचे ते तिचे."

"मग सांगितले का नाहीस? बाकी कुणाचे तू विसरली नाहीस."

मी आठवू लागले. मावशी दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या आजोळी यायची. आखाजीला सासरवाशिणी माहेरी येतात, तशी ती आणि माय दोघी यायच्या. आजोबा दोघींना सारखं लुगडं द्यायचे. ती बहीण नाही असं कधी कोणी म्हटलं नाही. पण ती आजीच्या पोटची आहे असंही कधी कोणी म्हटलं नव्हतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही, कारण ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी दोंडाईच्याला गेले. माय माझ्या भावाकडे असते. ओट्यावर वर्षाच्या मिरच्या पसरल्या होत्या आणि ती देठं खुडत बसली होती. मीही बसले. बराच वेळ आम्ही देठंच खुडली. मग मी विचारलं, मावशी सख्खी होती का?

मायचा हात थांबला. "काबर इचारस?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि मिरच्या इकडच्या तिकडे करत होती. शेवटी म्हणाली, "ती मनी बहीण शे."

"माय, मी तसं नाही म्हणत."

"मंग कसं म्हनस?"

मला जे हवं होतं ते तिच्याकडून काढून घ्यायचं म्हणजे मेलेल्या बहिणीला तिच्यापासून काढून घेण्यासारखं होतं. माझ्या मुलीसाठी मी आईकडे हे मागत होते. मी ती गोष्ट सोडून दिली आणि भाकरी टाकायला आत गेले.

जेवताना ती आपणहून बोलली. मावशी म्हणजे मायच्या माहेरी समोरच्या घरातली पोर. आई बाळंतपणात गेली, बापाने दुसरी केली, ती नवी बाई हिला नीट जेवू घालायची नाही. भाद्रपदात गुलाबाई बसली की दोघी मिळून एकाच गुलाबाईसमोर गाणी म्हणायच्या. लग्न झाल्यावर पहिल्या आखाजीला तिला घ्यायला माहेरचं कोणी गेलं नाही. तेव्हा आजोबा स्वतः गाडी जुंपून गेले आणि तिला आपल्या घरी घेऊन आले. त्या दिवसापासून ती आमची. आजोबांनी घरात सांगून ठेवलं होतं, हिला कोणी मानलेली म्हणायचं नाही.

"त्यामुळे मी बी म्हनाव नही," माय म्हणाली.

"नको म्हणूस."

तिने ताटात हात धुतले. "फोन लाव तुन्हा आबाले."

मी आबांना स्वतः फोन कधी लावला नव्हता. लावला. त्यांनी उचलला. "आबा, माझी माय बोलते," एवढं म्हटलं आणि फोन तिच्या कानाला लावला.

"आबा, आयका," माय म्हणाली. "तिनी माय येगळी, मनी माय येगळी. बाप बी येगळा. एवढंच सांगनं शे माले." पलीकडून आबा काहीतरी विचारत होते. माय म्हणाली, "बहीणच व्हती. पन माय येगळी," आणि फोन माझ्या हातात दिला.

घरी आले तेव्हा आबा पुढच्या खोलीत मुलीच्या टेबलापाशी खुर्चीवर बसले होते. मी पदर सावरून दारातच थांबले. "दाखव ते," आबा मुलीला म्हणाले. "म्हातारीने सांगितलं ते टाक."

मुलीने मावशीचे खरे आईवडील दोन गोल करून वर लावले. "आता मी मशीनला सांगते, फक्त जन्माच्या बाणांवरून चाल. इतर बाणांवरून जाऊ नकोस." तशी वाट मिळाली नाही. आबांनी चष्मा पुढे सरकवून पुन्हा करायला लावलं. पुन्हा नाही मिळाली.

"कुळ वेगळं, रक्त वेगळं. मग माझी काय हरकत," आबा म्हणाले. थोड्या वेळाने, "पण म्हातारीकडून मावशीकडे जातो तो बाण काढू नको."

"नाही काढत. फक्त त्याचं नाव काय ठेवू? बाणाला नाव लागतं."

मुलीने मायला फोन लावला. माय म्हणाली, "बहीणच लिख." तेच लिहिलं. बाणाच्या पोटात आणखी थोडी माहिती ठेवता येते, तिथे मुलीने टिपलं की ही बहीण आखाजीपासूनची. जन्माच्या बाणांवरून चालताना मशीन तिच्यावरून जात नाही, बाकी सगळ्या वेळी जातं.

सुपारी पारोळ्याला फुटली. पुरुष बाहेर बसले होते. मी नेहमीसारखी आत गेले. मुलाच्या आईने मला कुंकू लावलं आणि बोट कपाळावरच ठेवून म्हणाली, "पोहे दिलेस तेव्हाच मी तुला ओळखलं होतं. तू वर पाहिलंच नाहीस."

"मग बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुटलं असतं. आपल्या आया सख्ख्या की कशा, मलाही ठाऊक नव्हतं. मुलगा आठवडाभर जेवला नाही नीट, तेव्हा वाटलं आपणच पारोळ्याहून निघून यावं आणि तुझे पाय धरावे."

"मी दोन दिवस गप्प बसले होते," मी म्हटलं.

"मी तर पूर्ण महिना."

आम्हा दोघींना हसू आलं आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही पदर तोंडाला लावला. मग ती विचारात पडली. "आता तुला काय म्हणू? नातं लागत नाही म्हणून तर सोयरीक झाली."

"चारचौघांत विहीणबाई म्हण."

"आणि इथे?"

माझ्या हातात चहाचा कप होता. तिने तो घेतला, अर्धा चहा बशीत ओतून मला दिला आणि उरलेला कप स्वतःच्या तोंडाला लावला.