मावशींची पेटी आणि रविवारचा फोन

"थांब गो बाय, गरम करते." मावशींच्या दारात पाय ठेवला की हे वाक्य आधी यायचं, 'ये, बस' मागाहून. तुम्ही पोट भरून आलेले असा नाहीतर उपास धरलेला असो, सुटका नव्हती.

मावशी पनवेलच्या आमच्या इमारतीत समोर राहायच्या. माहेर गव्हाणचं. अर्धं आयुष्य मासळीबाजारात गेल्यामुळे त्या कुजबुजल्या तरी तळमजल्याला कळायचं. लेक मस्कतला नर्स. तिनेच सुट्टीत येऊन आईला मायक्रोवेव्ह घेऊन दिला, वायफायही बसवून दिलं. मायक्रोवेव्हला मावशी 'पेटी' म्हणत. पेटीत भाकरीची चप्पल व्हायची. मावशी ती कौतुकाने वाढायच्या आणि आम्ही मुकाट्याने चावायचो.

रविवारी दुपारी मायलेकी व्हिडिओवर समोरासमोर जेवायला बसत. जरा बोलणं व्हायचं, मग मावशी कालवण गरम करायला उठायच्या. नेमकी तेव्हाच लेक पडद्यावर थिजायची आणि फोन कटायचा.

पुढे पुढे मावशींनी तिचा फोन उचलणंच सोडलं.

"जेवनाचं नाव काढलं का कापते फोन," त्या मला म्हणाल्या. "बोंबलाची लाज वाटते तिला आता." डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही, फक्त हातातल्या माशाचे तुकडे जरा जोरात पडत होते.

मग लेकीने मला फोन केला. "ताई, आई रागावलीय का माझ्यावर? आधी जेवायची वेळ झाली की फोन बंद करायची, आता तर उचलतच नाही."

त्या रविवारी मी मावशींच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं आणि त्यांना फोन लावायला लावला. पाहते तर वायफायचा डबा पेटीच्याच डोक्यावर, क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला! पेटी सुरू केली, लेक थिजली. बंद केली, लेक बोलायला लागली. पुन्हा सुरू, पुन्हा मुकी.

"मावशी, दोघांच्या लहरी एकाच जातीच्या. पेटी चालू झाली की तिच्या गोंगाटात वायफाय बुडतं."

"म्हंजे बाजारात दोघी एकदम वरडल्या तसं?"

"अगदी तसंच."

"मंग गिऱ्हाइकाला काय ऐकू येनार!"

पेटी बंद करून त्या फोनसमोर बसल्या. "मना वाटलं, तुला आईची लाज वाटते."

"आणि मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

लेक आ वासून बघत राहिली. शेवटी मावशीच म्हणाल्या, "तोंड मिट आता. मगापासून बांगड्यासारखं उघडं हाय." लेक हसता हसता रडायला लागली.

मी डबा बाहेरच्या खोलीत हलवला. तरी मावशींचा पेटीवर भरवसा नव्हता. रविवारचं कालवण त्यानंतर गॅसवरच.

नातू झाला, तेव्हा लेक येऊन त्यांना मस्कतला घेऊन गेली. त्या तिकडच्याच झाल्या. जायच्या दिवशी टॅक्सी फाटकाबाहेर पडता पडता थांबली. काच खाली झाली आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा आवाज आला, "बाय, जेवलीस का गो?"

मी मान हलवून हो म्हटलं. जेवले नव्हते.