कारण: छंद

कॉलनीतली माणसं पाठीमागे त्यांना 'कलमबाई' म्हणत, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. कॉलनी वसली तेव्हा नियमावली त्यांनीच लिहिली होती. तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेलं; नियमावलीतला काना-मात्रासुद्धा त्यांना तोंडपाठ होता. कलम चौदा: 'गच्चीच्या कठड्याहून उंच काहीही उभारू नये.'

या कलमाला येऊन थडकले टोकाच्या घरातले काका. जन्मभर जहाजावर बिनतारी संदेश पाठवण्याची नोकरी केलेला एकटा माणूस. तारयंत्राच्या आवाजावरून पोरांनी आठवड्याभरात त्यांचं नाव 'कडकट्ट काका' ठेवलं. त्यांना हौशी रेडिओसाठी गच्चीवर चाळीस फुटी मनोरा हवा होता. सरकारचा परवाना होता, कॉलनीचा नव्हता. बाईंनी छापील अर्ज पुढे सरकवला. 'कारण' या रकान्यात चार ओळींची जागा होती. काकांनी एकच शब्द लिहिला: छंद.

सभेत एकच गलका झाला.

"वादळात आमच्या डोक्यावर पडला म्हणजे?" दातांचे डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या खुर्चीत बसण्यापेक्षा बरं," मागून कोणीतरी.

"आज यांना मनोरा, उद्या कुणी दीपस्तंभ मागेल," शेजारच्या वहिनींनी तोफ डागली.

काका उभे राहिले. "मी चारी बाजूंनी तारांचा ताण देऊन बांधीन. सूर्य मावळला की लांबचं ऐकू येतं, तिकडे एक..."

"काका, मुद्द्यावर या," बाई म्हणाल्या.

काका बसले.

तोडगा बाईंनीच काढला. दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा खांब, हातानं फिरवायचा रहाट. सूर्योदयानंतर वर, सूर्यास्तापूर्वी खाली. "म्हणजे उभारलेला नव्हे, उचललेला! कलम शाबूत." डॉक्टरांनासुद्धा पटलं, रात्री खांब खाली म्हटल्यावर झोप लागणार होती.

"संध्याकाळचा एक तास मिळाला असता तर..." काका चाचरत म्हणाले.

"छंदच ना, काका? मग दिवसा करा की! छंदाला काय मुहूर्त लागतो?"

सगळे हसले. काकाही हसले, आणि सही करून मोकळे झाले. त्या दिवशी बाई घरी आल्या त्या स्वतःवरच खूश होऊन.

मग रोज संध्याकाळी रहाटाची करकर ऐकू यायची आणि बाई घड्याळाकडे बघायच्या. एकदा सूर्य बुडाला तरी खांब वरच. सहा मिनिटं! बाईंनी लगेच चिठ्ठी धाडली. उत्तर आलं: 'क्षमा.' पुन्हा एकच शब्द.

सात-आठ महिन्यांनी करकर थांबली. खांब खालीच, आणि त्याच्या ताणाच्या तारांवर काकांच्या चादरी वाळत घातलेल्या. बाईंना राहवेना. इतकी डोकेफोड करून परवानगी काढायची, ती काय चादरींसाठी? तरातरा गेल्या.

खोलीत टेबलावर यंत्र होतं, वर कापड. भिंतीवर दोन घड्याळं, एक इथल्या वेळेचं, दुसरं भलतीच वेळ दाखवणारं.

"खांबाचं काम संपलं," काका म्हणाले. "माझा एक जहाजावरचा जोडीदार होता, दूर परदेशात. जुन्या घरात होतो तोवर रोज संध्याकाळी तासभर बोलायचो आम्ही. त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. नजर तर आधीच अधू. पण बोटं शाबूत होती. कडकट्ट चालायचं."

"मग दिवसा का नाही...?"

"दिवसा तिथवर पोचत नाही, बाई."

"पत्र तरी!"

"वाचून कोण दाखवणार? एकटाच होता. गेल्या महिन्यात त्याच्या भाचीचं पत्र आलं. यंत्र लावून बसलेलाच सापडला म्हणे. रोज त्या वेळेला बसायचा."

"अहो, मग हे अर्जात लिहायचं नाही का!" बाई कडाडल्या. आवाज नको तितका चढला हे त्यांच्याच कानांना जाणवलं.

"तारेच्या माणसाला शब्द वाचवायची सवय," काका म्हणाले. "आणि तुम्ही मुद्द्यावर या म्हणालात. मुद्दा तोच होता."

बाईंनी त्याच आठवड्यात सभा बोलावली. सूर्यास्ताची अट काढून टाकायला सात मिनिटं लागली. कुणी हूं की चूं केलं नाही. डॉक्टरांनी तर वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. हेच बाईंना जास्त लागलं. इतकं सोपं होतं तर!

ठरावाचा कागद घेऊन त्या स्वतः गेल्या. काकांनी पोचपावतीवर लिहिलं: 'मिळालं.' चादरी तशाच वाळत होत्या.

बाईंनी पिशवीतून जुना अर्ज काढून टेबलावर ठेवला. "या चार ओळींत काय लिहायला हवं होतं, ते आता सांगा."

काकांनी कागद जवळ ओढला. मग बोट वाकवून ते टेबलावर टकटक करू लागले. कधी लांब, कधी आखूड, मध्येच थांबून पुन्हा. बाईंना एक अक्षर कळत नव्हतं. सवयीनं 'मुद्द्यावर या' ओठांवर आलं. त्यांनी जीभ चावली, आणि टकटक थांबेपर्यंत खुर्चीतून हलल्या नाहीत.